शिंप्याच्या दाराची किल्ली

त्याच्या चष्म्याची काडी सैल झाली होती, एवढंच निमित्त. चष्मेवाला बारीक पेचकस घेऊन स्क्रू पिळत होता आणि तो काउंटरला टेकून उभा होता. डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे समोरचा रस्ता धूसर दिसत होता, आणि चष्मा नसला की माणसाचे कान उगाच जास्त काम करतात, तसे त्याचे करत होते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कसला तरी क्लास चालायचा. खिडकी सताड उघडी. एका बाईचा आवाज काहीतरी समजावून सांगत होता, आणि मग पंधरावीस गळे एकदम म्हणाले, "नायदर द टेलर नॉर हिज वाइफ हॅड द की, नॉर डिड द डोअर नीड वन." शिंप्याकडे किल्ली नव्हती, त्याच्या बायकोकडेही नव्हती, आणि दाराला किल्ली लागतही नव्हती. "आता घट्ट बसतंय का बघा," चष्मेवाला म्हणाला. त्याने चष्मा घातला, पण घट्ट बसतोय की सैल, हे काही केल्या त्याला सांगता येईना. वरून पुन्हा तेच वाक्य आलं, या वेळी सुरात, शेवटच्या शब्दावर जोर देऊन. त्याने मान वर करून खिडकीकडे बघितलं. कारण हे वाक्य जगात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. ते त्याने स्वतः रचलं होतं, गेल्याच महिन्यात, कागद चिकटवून काचा झाकलेल्या एका बंद खोलीत. आणि ज्या परीक्षेसाठी रचलं होतं ती परीक्षा अजून व्हायची होती.

कॉलेजात तो इंग्रजीचं व्याकरण शिकवायचा, पण त्याची खरी इज्जत होती ती त्या बंद खोलीत. नोकरभरतीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका काढायला दरवर्षी चारपाच जणांना बोलावणं यायचं. दारात फोन काढून घ्यायचे, पिशव्या काढून घ्यायचे, आत कोरे कागद मिळायचे आणि संध्याकाळी उरलेले कागद यंत्रात घालून त्यांच्या शेवया करायचे. आतलं एक अक्षर बाहेर न्यायचं नाही, घरच्यांनाही सांगायचं नाही, अशी सही घ्यायचे. तिथे त्याला सगळे 'पर्यायसर' म्हणत. कारण बरोबर उत्तर काय, ते कुणीही लिहील. खरं कसब असतं ते चुकीच्या तीन पर्यायांत. चुकीचा पर्याय असा पाहिजे की बघताच माणसाला वाटावं, अरे, हेच. आणि नकारार्थी जोडशब्द म्हणजे तर त्याची खास जहागीर. अनलेस, लेस्ट, नायदर, नॉर. अनलेसच्या पोटात 'नाही' आधीच बसलेलं असतं, तरी पोरं त्यापुढे डोन्ट लावतातच. नॉरमध्ये नकार आहे हे शंभरदा सांगा, पुढे डिडन्ट लिहून मोकळी होतात. आपल्या माणसाला एक नकार पुरत नाही, खात्रीसाठी दुसरा ठोकावा लागतो, असं तो वर्गात म्हणायचा आणि वर्ग हसायचा. शिंप्याचं वाक्य त्या खोलीत त्याच्या तोंडून कसं आलं, तर आपसूक आलं. पेन हातात, डोकं रिकामं, आणि ओठांवर ते वाक्य तयार, कुणी आतून ढकलल्यासारखं. 'डिड'ची जागा रिकामी सोडली, खाली चार पर्याय लिहिले, त्यात 'डिडन्ट' दुसऱ्या क्रमांकावर, आणि स्वतःवरच खूश होऊन त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत त्याला आपलं स्वतःचं इतकं चांगलं वाक्य सुचलेलं आठवत नव्हतं.

साधी गोष्ट होती. दुकानाशेजारून जिना वर जात होता. वर जायचं, दार वाजवायचं, आणि त्या बाईला विचारायचं, बाई, हे वाक्य कुठून आणलंत? दोन मिनिटांचं काम. तो चार पायऱ्या चढलाही. मग थांबला. ती खोटं बोलली तर? खरं बोलली तर? आणि आपण विचारायला आलो हे जिथे पोचायचं तिथे पोचलं तर? भिंतीवर क्लासची पाटी होती, तिच्यावर एक हसरा मुलगा बोट वर करून काहीतरी दाखवत होता. तो तसाच उलट्या पावली खाली आला. संशयी माणूस विचारत नाही, त्याला विचारणं परवडत नाही. त्याची आईच म्हणायची की ह्याच्या कानात जन्मापासून भुंगा शिरलाय; लहानपणी बहिणीने वाटीतलं अर्धं दिलं तरी हा आधी तिच्या वाटीत डोकावून यायचा. रस्त्याने चालताना भुंगा पुरता जागा झाला होता. समोरून येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघतोय असं वाटायला लागलं. फुटलं. वाक्य फुटलं म्हणजे पेपर फुटला. पेपर फुटला म्हणजे आधी विचारणार कुणाला? ज्याचं वाक्य त्याला. तो घरी पोचला तेव्हा बायको फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होती आणि त्याला बघून तिने "बरं, ठेवते" म्हटलं. रोज तसंच म्हणायची. आज ते त्याला टोचलं.

"कुणाचा फोन होता?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीचा. का हो?"

"काय म्हणत होती?"

"काही नाही, तिच्या सुनेचं नेहमीचंच. चेहरा का असा पडलाय तुमचा?"

त्याने काहीच सांगितलं नाही, आडून आडून विचारलं फक्त. आपण घरात कधी कामाचं काही बोलतो का, असं. ती भाजी निवडता निवडता हसली. म्हणाली, "बोलत नाही, पण दाढी करताना आरशाशी इंग्रजीत पुटपुटता की रोज. पलीकडच्या काकू विचारत होत्या, सर कुणाला रागावतात सकाळी सकाळी." तो तिच्यावरच खेकसला, की पलीकडच्या काकूंना आपल्या घरातल्या गोष्टी सांगायची काही गरज आहे का. तिने काही सांगितलं नव्हतं, काकूंनीच तिला सांगितलं होतं. पण त्याच्या डोक्यात आता घर, काकू, बाथरूमची उघडी जाळी, त्या जाळीखालची गल्ली, गल्लीतून क्लासला जाणारी पोरं, अशी माळच लागली, आणि माळेच्या टोकाला स्वतःचं तोंड दिसायला लागल्यावर त्याने ती घाईघाईने तोडून टाकली. हा पर्याय नको. हा पर्याय त्याने खोडला, इतक्या जोरात की तो कधी लिहिला होता हेही आठवू नये. मग मन दुसरीकडे वळलं, उताराकडे पाणी जसं आपोआप वळतं तसं, आणि जिथे वळलं तिथे उताराबाई बसलेल्या होत्या.

उताराबाई म्हणजे त्याच खोलीतल्या, त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या. परीक्षेत एक उतारा द्यायचा आणि त्याखाली प्रश्न विचारायचे, हे काम त्यांचं, म्हणून ते नाव. बुटक्या, ठसठशीत, हसल्या की खांदे हलायचे. दुसऱ्या एका कॉलेजात शिकवायच्या. नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कधी त्याचं तुणतुणं वाजवलं नव्हतं. शिंप्याचं वाक्य त्याने वाचलं तेव्हा त्या पेन ठेवून म्हणाल्या होत्या, "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा." त्याने पुन्हा म्हटलं. त्या खांदे हलवत हसल्या. "अहो, काय वाक्य आहे! बिचारे दोघं किल्ली शोधतायत आणि दार उघडंच. असं वाक्य घरी न्यावंसं वाटतं." तेव्हा तो किती फुलला होता! दिवसभर ते शब्द त्याला पुरले होते. आणि आता तेच शब्द पालथे करून बघितले तर खालून निराळंच काही निघत होतं. पुन्हा का म्हणायला लावलं? पाठ करायला. घरी न्यावंसं वाटतं, म्हणजे काय? चोराने चोरी करायच्या आधी हसत हसत सांगावं, तसं. त्या दुपारी त्या मध्येच उठून बाहेर जाऊन आल्या होत्या ना? तोंड धुवायला म्हणून. आणि त्यांचा कुणी दीर का भाऊ क्लासबिस काढणार होता असं एकदा कानावर आलं होतं. आलं होतं की नव्हतं? आलं असावं. आठवणीचं असं असतं, एकदा तिला कळलं की मालकाला काय हवंय, की ती तेच बनवून आणून देते. आणखीही एक गोष्ट होती, पण तिच्याकडे तो बघत नव्हता. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळाचे प्रमुख यंदा निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीवर उताराबाईच बसणार असं सगळे धरून चालले होते. तो त्यांच्याहून जुना होता. याचा आणि त्याचा काय संबंध, असं तो स्वतःलाच दोनतीनदा म्हणाला. कुणी विचारलंच नव्हतं, तरी.

दुसऱ्या दिवशी तो प्रमुखांकडे गेला. प्रमुख म्हणजे सरळ बोलणारा, जाड काचांचा, दमेकरी माणूस. टेबलावर एक कागद नाही, फक्त पाण्याचा ग्लास आणि त्यावर झाकण. "बसा," ते म्हणाले, "काय झालं?"

"काही झालंच नसेल कदाचित," तो म्हणाला. ही सुरुवात त्याने येताना रस्त्यात ठरवली होती. मग क्लासचं सांगितलं, वाक्य सांगितलं. प्रमुखांनी ग्लासावरचं झाकण काढलं आणि पाणी न पिताच पुन्हा ठेवलं.

"कुणावर संशय?"

"छे छे! मी कुणाचं नाव घेणार नाही. सगळी आपलीच माणसं." आणि मग अगदी नाइलाजाने बोलावं तसं तो बोलत गेला, की वाक्य आपण खोलीत मोठ्याने वाचलं, गणिताचे सर पार कोपऱ्यात असतात आणि त्यांना ऐकू कमी येतं, टाइप करणाऱ्याकडे तो कागद अजून गेलाच नव्हता, तुम्ही स्वतः बाहेर होतात. एकेक पर्याय त्याने हलक्या हाताने बाजूला काढून ठेवला. "तसं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं गेलं होतं," तो म्हणाला, "घरी न्यावंसं वाटतं, असंही कुणी म्हणालं. पण ती आपली गंमत असेल." या 'असेल'मध्ये जे घालायचं होतं ते सगळं घातलेलं होतं. प्रमुखांनी ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाले, "कोण म्हणालं, ते मला माहीत आहे. मी दारातच होतो तेव्हा." जिना उतरताना त्याला हलकं वाटलं, खरंच हलकं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. आपण कुणाचं नाव घेतलं नाही. हे तो घरापर्यंत घोकत आला, आणि घरी आल्यावर चहा पिताना कधी नव्हे ते बायकोच्या चहाची तारीफही केली.

उताराबाईंचा फोन आला तो त्यानंतर एकदोन दिवसांनी, भर दुपारी, तो पेपर तपासत बसला असताना. त्याने नाव बघितलं. उचलू नये असं वाटलं, पण न उचलणं म्हणजे खाई त्याला खवखवे. "सर, तुम्हालाही बोलावलंय का हो प्रमुखांनी?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा भराभर. "मला उद्या बोलावलंय. काहीतरी फुटलंय म्हणे. मला तर काही सुचेनासंच झालंय. एवढी वर्षं झाली, एक शब्द इकडचा तिकडे नाही." तो "हो, हो" म्हणत राहिला. त्या पुढे म्हणाल्या, "मी सांगणार आहे त्यांना, की पर्यायसरांना विचारा. समोर बसतात, मी कशी आहे ते त्यांना माहीत आहे. तुम्ही सांगाल ना?" समोरच्या पेपरात कुण्या पोराने 'अनलेस यू डोन्ट कम' लिहिलं होतं. त्याने त्यावर लाल रेघ मारली. "बघतो ना," तो म्हणाला. "बघतो काय सर, सांगा नक्की," त्या म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ विचार करत बसला. म्हणजे आपल्याला साक्षीदार करायचं चाललंय. म्हणजे बाई पोचलेली आहे. निर्दोष माणूस इतक्या आधी साक्षीदार शोधतो का? आणि लगेच दुसरा विचार, की दोषी माणूस तरी फिर्यादीलाच साक्षीला बोलावेल का? हा दुसरा विचार त्याला आवडला नाही. तो उठला, खिडकी लावली, पुन्हा उघडली, बायकोला हाक मारली, आणि ती आल्यावर काही नाही म्हणाला.

त्या आठवड्यात निरोप आला, की यंदाच्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न बदलायचा आहे, आणि उताराबाई यापुढे येणार नाहीत. कारण लिहिलेलं नव्हतं. झालं, सुटलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण त्याच रविवारी त्याला ताईकडे जावं लागलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी बांधली होती, आणि दुसऱ्या डोळ्यालाही ताण द्यायचा नाही म्हणून वाचणं, टीव्ही, सगळं बंद. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. जन्मभर पुस्तकात तोंड घालून बसलेली बाई, तिला हे म्हणजे उपास घडल्यासारखंच. "ये बाळ्या, बस," ती म्हणाली. "वेळ जाता जात नाही बघ. वाचता येत नाही तर पाठ असलेलं म्हणत बसते. परवा तीसपर्यंत पाढे झाले. काल कविता झाल्या. आज इंग्रजी काढलंय." तो हसला. खिडकीतून ऊन येत होतं, पलंगाखाली तिच्या सपाता नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि ताईने पट्टीवरून हात फिरवत, मान किंचित हलवत, शाळकरी पोरीच्या सुरात म्हटलं, "नायदर द टेलर नॉर हिज वाइफ हॅड द की, नॉर डिड द डोअर नीड वन."

पहिला विचार काय आला, तर ताईपर्यंत कसं पोचलं? सख्ख्या बहिणीवर, डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या म्हातारीवर त्याला संशय आला. क्षणभर का होईना, आला. "हे कुणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं. आवाज इतका चढला की ती दचकली.

"कुणी म्हणजे? आमच्या इंग्रजीच्या बाईंनी. लंब्या बाई म्हणायचो आम्ही. त्यांनीच रचलेलं होतं ते. अख्ख्या शाळेला पाठ होतं, पुढच्या वर्गांनाही तेच, त्या रिटायर होईपर्यंत. बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस दुसरं सगळं विसरेल पण शिंपी विसरणार नाही." ती गालातल्या गालात हसली. "आणि तू विचारतोस? अरे, तू तेव्हा एवढासा. शाळेतही जात नव्हतास. मी टेबलाशी बसून घोकायचे आणि तू टेबलाखाली डबे वाजवत बसायचास. 'नॉर डिड द डोअर, नॉर डिड द डोअर' करत घरभर नाचायचास. आई म्हणायची, कारटं इंग्रजीत शिव्या देतंय."

त्याने आठवून बघितलं. टेबलाखालचा अंधार आठवेना, डबे आठवेनात, काहीच आठवेना, आणि तरीही जिभेखाली ते वाक्य हललं. शब्द नव्हतेच ते तेव्हा, नुसता ठेका होता, अर्थाच्या आधी येऊन आत बसलेला. इतकी वर्षं तो तिथे होता, आणि बंद खोलीत डोकं रिकामं मिळाल्यावर बाहेर आला, आणि ह्याने त्याच्यावर आपलं नाव टाकलं. वरच्या मजल्यावरची ती क्लासची बाई लंब्या बाईंच्या कुठल्या तरी विद्यार्थिनीची विद्यार्थिनी असणार, दुसरं काय. चार पायऱ्या चढून आला होता तो. उरलेल्या दहाबारा चढला असता तर ती हसून हेच म्हणाली असती. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि धोपटताना मध्ये कोण आलं, तर ज्या बाईने आयुष्यात एकदा त्याच्या वाक्याला मनापासून दाद दिली ती. त्याला आपली लाज वाटली. "काय रे, गप्पसा?" ताई म्हणाली. "जरा फोन करून येतो," म्हणून तो बाहेरच्या खोलीत गेला.

प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा खोकले. मग म्हणाले, "म्हणजे फुटलं नव्हतं."

"नव्हतं, सर. माझी चूक झाली. बाईंना परत बोलवा. मी लिहून देतो हवं तर."

"आता कसं बोलावणार?" प्रमुख म्हणाले. "त्यांनी स्वतःच कबूल केलं. मी विचारलं, बाहेर कुठे बोललात का? म्हणाल्या, हो, घरी नवऱ्याला ऐकवलं, एकदाच. खोटं बोलल्या असत्या तर मी सोडून दिलं असतं हो! माझ्याकडे दुसरा काय पुरावा होता? पण बाईंनी सांगून टाकलं, शेजारी क्लार्क बसलेला. आता नियम म्हणजे नियम. त्यांच्या कॉलेजलाही कळवावं लागलं." पाण्याचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "तेव्हा तुमचा संशय तसा बरोबरच निघाला म्हणायचा. आणि हे जुन्या वाक्याचं कुठे बोलू नका, तो प्रश्न तर काढलाच आहे आपण. पुढच्या वर्षी खुर्चीसाठी आता तुमचंच नाव द्यावं लागेल. तयारीत राहा."

तो तिथून थेट उताराबाईंच्या घरी गेला. ताईला काय सांगून निघाला तेही त्याला नंतर आठवलं नाही. पत्ता विचारत विचारत, एका लांबट इमारतीच्या तळमजल्यावर. दाराला उतरणीसारखी लाकडी फळी लावलेली होती, चाकांच्या खुर्चीसाठी. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, आणि बाईंनी दार उघडल्याबरोबर ती सगळी पळून गेली. त्यांच्या हाताला साबणाचा फेस होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, आश्चर्य वाटल्यासारखं नाही, उशिरा आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. "तुम्ही कशाला आलात?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. तुमचं नाव मी कुठे घेतलेलं नाही."

"तसं नाही हो. मीच," तो म्हणाला, "प्रमुखांना मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

त्या किंचित हसल्या; खांदे हलले नाहीत. "बघा, अजून तुम्हाला हेच विचारायचंय, की कुणी सांगितलं. अहो, प्रमुख सरळ माणूस. ते विचारतील, तुम्ही फोडलं का? पण त्यांनी आधी मला विचारलं, त्या दिवशी वाक्य पुन्हा म्हणायला कुणी लावलं होतं? बाकीची सगळी उत्तरं आधीच खोडून ठेवलेली. इतकी वर्षं समोर बसले मी तुमच्या. म्हटलं, हा प्रश्न आपल्या सरांनी काढलाय." तो उंबऱ्यावर उभा होता. ते वाक्य जुनं होतं, माझं नव्हतंच, वगैरे तो सांगू लागला, ताईचं, लंब्या बाईंचं. त्यांनी ऐकून घेतलं, हाताचा फेस वाळत होता. "पण मी तर ऐकवलं ना त्यांना," त्या म्हणाल्या. "सही केली होती आणि तरी ऐकवलं. किती महिन्यांनी हसले होते. मला काही पस्तावा नाही त्याचा." मग आवाज आणखी खाली आणून त्या म्हणाल्या, "त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. मीच यंदा नको म्हटलं असं त्यांना वाटतंय. आलाच आहात तर आत या, दारातून गेलात तर विचारत बसतील. दोन मिनिटं बसा त्यांच्यापाशी. तेवढं करा."

आतली खोली लहान, पण लख्ख होती. खिडकीशी पलंग, पलंगाला बांधलेली दोरी, हाताशी पाण्याची बाटली, आणि उशांच्या ढिगात एक वाळलेला, गोरटेला माणूस, नुकतीच कुणीतरी नीट दाढी करून दिलेला. उताराबाईंनी ओळख करून दिली, "हे आमचे पर्यायसर," आणि त्या माणसाचा सगळा चेहराच उजळला. एक हात उचलायचा त्याने प्रयत्न केला, तो अर्धाच उचलला गेला. "अरे वा, तुम्हीच का ते! तुमचं काय सांगते ही, काय सांगते! म्हणते, आमच्या सरांसारखी चुकीची उत्तरं कुणाला जमत नाहीत." तो हसला, खोकला, पुन्हा हसला. "बसा ना. मी इथे पडल्या पडल्या छताकडे बघतो दिवसभर. हिने तुमचं ते एक वाक्य सांगितलं, तर कितीतरी दिवस ते दोघं माझ्या डोळ्यांसमोर, शिंपी आणि त्याची बायको. एकमेकांचे खिसे तपासतायत. आता ही तर जाणार नाही म्हणते, माझं सगळं करून दमते हो बिचारी. मग आता मला कोण सांगणार? तुम्ही आलाच आहात तर एखादं नवीन ऐकवा की. यंदाचं एखादं."

उताराबाई दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी पदराचं टोक धरून. तो माणूस खरोखरच वाट बघत होता, ओठ किंचित उघडे ठेवून, गोष्ट ऐकायला बसावं तसा. पर्यायसरांच्या डोक्यात वाक्यं होती, ढीगभर होती, यंदाचं एक चांगलंही होतं, लेस्टचं. कुणाचं होतं कोण जाणे. खोलीबाहेरच्या पावलांकडे त्याचा कान गेला. क्लार्क, काकू, पुढच्या वर्षीची खुर्ची, सगळे जणू भिंतीला कान लावून उभे होते. त्याने बाईंकडे बघितलं नाही.

"नाही हो," तो म्हणाला, "घरी सांगायची परवानगी नसते आम्हाला."

"अरेच्चा, हो का?" तो माणूस गोंधळून बायकोकडे बघत म्हणाला. उताराबाई पलंगाशी आल्या, नवऱ्याची उशी सारखी केली, आणि पाहुण्याला चहा ठेवायला आत गेल्या.